टंगस्टन आणि हायड्रोजन प्लाझ्मा: तुमचे प्रश्न

फ्युजन रिअ‍ॅक्टर म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा काढणारं यंत्र; त्यातला तापलेला, विद्युतभारित हायड्रोजन वायू, म्हणजे प्लाझ्मा, टंगस्टनच्या भिंतीवर आदळतो. या भिंतीबद्दल दर वेळी तेच गोंधळ येतायत, म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तर देतोय.

प्रश्न: टंगस्टन 3422 डिग्रीला वितळतं, मग हायड्रोजन त्याचं काय बिघडवणार?

वितळवत नाही, आत शिरतो.

प्रश्न: ड्युटेरियम (जड हायड्रोजन) प्लाझ्मात ठेवलेल्या टंगस्टनच्या सॅम्पलवर एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) फुगवटे दिसले. हेच ‘फझ’ का?

नाही. फझ म्हणजे पृष्ठभागावर वाढणारे अतिसूक्ष्म तंतू, ते हेलियममुळे येतं, तेही साधारण 1000 केल्विनच्या आसपास किंवा वर. तुमचे फुगवटे बहुधा आत गॅस साठून आलेले फोड आहेत, पण तापमान आणि आयनची ऊर्जा न सांगता नुसता फोटो पाठवला तर नक्की कोण सांगणार? आधी गाईडला दाखवा.

प्रश्न: टंगस्टन हायड्रोजन शोषत नाही असं एका व्हिडिओत ऐकलं. मग ट्रिटियमची (इंधनातल्या रेडिओअ‍ॅक्टिव्ह हायड्रोजनची) काळजी कशाला?

हे अर्धवट ऐकीव ज्ञान थांबवा आता! निर्दोष टंगस्टनमध्ये हायड्रोजन फारच कमी विरघळतो, एवढं खरं, पण निर्दोष टंगस्टन असतं कुठे? अणू निघून गेलेल्या रिकाम्या जागा, डिसलोकेशन (अणूंच्या रांगेतला दोष), ग्रेन बाउंड्री (धातूच्या कणांमधली सीमा), सगळीकडे तो अडकून बसतो, आणि फ्युजनमधले 14 एमईव्ही (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे न्यूट्रॉन अशा जागा वाढवतच राहतात. इंग्लंडच्या जेट या प्रायोगिक फ्युजन यंत्रामध्ये 2011 पासून कार्बनऐवजी बेरिलियमची भिंत आणि टंगस्टनचा डायव्हर्टर (प्लाझ्मातली उष्णता आणि कचरा झेलणारा तळाचा भाग) आला आणि अडकणारं इंधन दहापटीहून जास्त घटलं, हे मोठंच यश, पण जेटच्या टंगस्टनने पुढच्या पॉवर रिअ‍ॅक्टरइतका न्यूट्रॉनचा मारा कधी खाल्लाच नव्हता. ट्रिटियम रेडिओअ‍ॅक्टिव्ह, अर्धायुष्य 12.3 वर्षं, निसर्गात जवळपास मिळत नाही, म्हणजे भिंतीत अडकलं की इंधनही गेलं आणि सुरक्षेचा प्रश्नही उभा राहिला. फ्रान्समधल्या इटर या आंतरराष्ट्रीय फ्युजन प्रकल्पाने 2023 मध्ये बेरिलियम सोडून आतली भिंतही टंगस्टनची करायचं ठरवलं, म्हणून तर हा हिशोब आत्ताच करायला हवा, नंतर बघू म्हणून चालणार नाही. ट्रिटियमचं प्रत्यक्ष काम असेल तर रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

प्रश्न: सप्लायर ‘फ्युजन ग्रेड’ म्हणून दुप्पट दर लावतोय. घेऊ का?

शिक्क्याचे पैसे देऊ नका. शुद्धता, रोलिंगची दिशा, ग्रेन साइज, हीट ट्रीटमेंट हे सगळं लेखी मागा, टाळाटाळ केली तर सरळ दुसरा बघा, आणि ऑर्डरआधी कागद मेटलर्जीच्या माणसाला दाखवा.

प्रश्न: ड्युटेरियम दिलेलं सॅम्पल सहा महिने कपाटात आहे. टीडीएस (सॅम्पल तापवून निघणारा गॅस मोजायची चाचणी) आता चालेल?

इतके दिवस थांबलात कशाला? सैल अडकलेलं ड्युटेरियम खोलीच्या तापमानालाही हळूहळू निघून जातं. ताबडतोब करा, मधले महिने रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा, आणि आकड्यावर कितपत विसंबायचं ते टीडीएस चालवणाऱ्यांशी बोलून ठरवा.