स्मूदनिंगनंतर केस तुटतायत आणि कपाळावरचे केसही विरळ होतायत: केस पूर्वीसारखे होतील का?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांत दोनदा स्मूदनिंग केलं, केस झाडूसारखे झाले, रोज घट्ट पोनी बांधून कामावर जाता आणि आता कानशिलांजवळ कातडी दिसायला लागलीय. मी डॉक्टर नाही, भरतनाट्यम शिकवते. पण हे दोन्ही मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तुमचे प्रश्न दोन आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. खराब झालेली लांबी हा एक आणि कपाळाच्या कडेचे जाणारे केस हा दुसरा. मी दोन्हींची गल्लत केली. पार्लरच्या स्पा आणि मास्कवर पैसे घालत राहिले आणि कडेचे केस जात राहिले.

लांबीचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. रिबॉन्डिंग-स्मूदनिंगमध्ये केसातले गंधकाचे बंध औषधानं तोडतात, केस सरळ करतात आणि दुसऱ्या औषधानं बंध पुन्हा जोडतात. सगळे काही पुन्हा जुळत नाहीत. तो केस कुठल्याही तेलानं वा सीरमनं पूर्वीसारखा होत नाही, फक्त सांभाळता येतो. नवा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून दर दोन महिन्यांनी खालचे दोन-तीन सेंटिमीटर कापत जा. नवा कुरळा केस आणि जुना सरळ केस जिथे भेटतात तिथेच तो तुटतो, तेव्हा ओले केस ओढून विंचरू नका आणि पंचानं झटकू तर अजिबात नका. कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं गुंता काढा. मी आईच्या विरलेल्या रेशमी साडीचा उशीला अभ्रा शिवला, त्यानं सकाळचा गुंता बराच कमी झाला.

नहाण्याआधी खोबरेल लावण्याला अर्थ आहे. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं, असं २००३ साली मुंबईच्या मॅरिकोतल्या संशोधकांनी दाखवलं होतं. (ही कंपनी स्वतःच खोबरेल विकते, हेही ध्यानात ठेवा.) पण तेल केस वाचवतं, गेलेले उगवत नाही. आणि तेल लावून वर घट्ट वेणी घालायची आपल्याकडची सवय सोडा.

आता कडेचं. यात वेळ महत्त्वाचा आहे.

मी नऊ वर्षांची असल्यापासून केस मागे ओढून, गंगावन जोडून, आकडे खोचून, वर गजरा माळून नाचत आले. कार्यक्रमानंतर केस सोडले की डोकं ठणकायचं, कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या यायच्या. सगळ्याच मुलींना होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तिशीत आरशात पाहिलं तर दोन्ही कानशिलं उघडी पडलेली. घरच्यांनी आनुवंशिक म्हणून सोडून दिलं. त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून पाहून सांगितलं की हे ओढीमुळे आहे. विरळ पट्ट्याच्या अगदी पुढे, मूळ कडेवर, बारीक लव टिकून होती. बांधताना ती हातात येत नाही म्हणून बहुतेकदा वाचते. वैद्यकात या प्रकाराची नोंद १९०७ सालची आहे, ग्रीनलंडमधल्या, केस घट्ट वर बांधणाऱ्या बायकांची.

ओढ लवकर थांबली तर हे केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रण होतो, कातडी गुळगुळीत दिसते आणि तिथे औषध चालत नाही. म्हणून पोनी आजच बंद करा. मानेवर सैल शेपटा घाला किंवा क्लचर लावा, आणि भांगाची बाजू बदलत राहा. बांधल्यावर भुवया ओढल्यासारख्या वाटल्या तर ते घट्ट आहे. कडेला स्मूदनिंग, इस्त्री, रंग काही नको. औषधानं कमकुवत झालेल्या केसावर ओढ जास्त भारी पडते.

पुढच्या पंधरवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कडेला खाज किंवा लाली असेल, भुवयाही विरळ होत असतील तर आधीच जा. तो वेगळा, व्रण पाडणारा आजार असू शकतो. केस डोकंभर गळत असतील तर दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण असं काही झालं होतं का ते सांगा. तसे गळलेले केस सहसा परत येतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड यांच्या तपासणीबद्दल विचारा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. माझं फेरिटिन अवघं ११ होतं आणि मला त्याची कल्पनाच नव्हती. बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी सांगा, थायरॉइडचे आकडे त्यामुळे चुकू शकतात.

मला लोहाच्या गोळ्या आणि मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध दिलं. पहिले सहा आठवडे केस जास्तच गळले, मी रडकुंडीला आले होते. असं होतं, तेवढ्यावरून सोडू नका. चौथ्या महिन्यात लव दिसली. पण मिनॉक्सिडिल मनानं घेऊ नका. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना चालत नाही. कांद्याचा रस मीही चोळला, आग झाली. ज्या छोट्या अभ्यासाचा दाखला देतात तो चाईवरचा (गोल चट्ट्यांत केस जातात तो आजार) होता, ओढीनं गेलेल्या केसांवरचा नव्हे.

चौदा महिन्यांनी माझं उजवं कानशील भरलं. डावीकडे रुपयाएवढी जागा तशीच आहे, तिथे आता प्रत्यारोपणाखेरीज उपाय नाही. आणखी पाच वर्षं आधी गेले असते तर तीही वाचली असती, याची हळहळ आहे. माझ्या वर्गात आता सरावाला गंगावन नाही, फक्त कार्यक्रमाच्या दिवशी, आणि कुठल्या मुलीचं डोकं ठणकलं तर तिथल्या तिथे सैल करते.

आज एक करा. खिडकीपाशी उभं राहून, केस मागे धरून दोन्ही कानशिलांचे फोटो काढा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही. डॉक्टरांकडे जाताना ते सोबत न्या.