मोटर काढताना वायरिंग आणि पाइप कसा सोडवायचा? एमसीबी पाडला की पुरे का?

तुम्ही विचारलंय की गोव्यात मांद्र्याच्या रिसॉर्टवरची ७.५ एचपीची पाण्याची मोटर रिवाइंडिंगला (आतली तार नव्याने गुंडाळायला) काढायची आहे, एमसीबी (सप्लाय तोडणारा खटका) पाडलाय, टेस्टर लावला तर पेटत नाही, मग वायरी सोडवायला हरकत आहे का आणि वायरी ज्यातून येतात तो गंजलेला लोखंडी पाइप कसा सोडवायचा. आधी सरळ सांगतो, एवढ्यावर मोटरच्या बॉक्समध्ये, म्हणजे वायरी जोडलेल्या डबीत, हात घालू नका. मी २२ वर्षं कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला आहे, आणि मोटर काढताना लागलेले जे शॉक मी जवळून पाहिले ते जवळजवळ सगळे "मेन तर बंद होता" असं म्हणणाऱ्यांनाच लागलेले.

एक सांगतो. आमच्या इथे एका टाकीवरची मोटर काढत होतो, तिचा एमसीबी पाडला, तिन्ही फेज मीटरने तपासले, सगळं डेड. माझ्या सोबतच्या मुलाने टर्मिनलवरचे नट सोडले, वायरी बाहेर ओढल्या आणि त्याच पाइपमधून आलेल्या एका बारीक वायरीला त्याचा हात लागला, ती टाकीतल्या फ्लोट स्विचची (पाण्याच्या पातळीवर मोटर चालू-बंद करणारा) होती आणि तिचा सप्लाय दुसऱ्याच पॅनलवरून होता, २३० व्होल्ट. हात फेकला गेला, तो चबुतऱ्यावरून मागे पडला आणि मनगट मोडलं. मोटर डेड होती पण बॉक्स डेड नव्हता, हा फरक मला त्या दिवशी कळला आणि मग कधी विसरलो नाही. तुमच्याकडे पाण्याची मोटर आहे म्हणजे फ्लोट, टायमर, प्रेशर स्विच यातलं काहीतरी बहुधा असणार, त्याचा सप्लाय कुठून येतो ते आधी शोधा.

दुसरं म्हणजे जनरेटर. पावसात लाईट गेली की लोक म्हणतात चला आता लाईट नाही तोवर काम उरकून घेऊ, कृपा करून असं करू नका. रिसॉर्टवर बहुतेक ऑटो चेंजओव्हर असतो, म्हणजे लाईट गेली की लोड आपोआप जनरेटरवर जातो, काही सेकंदात जनरेटर सुरू होतो आणि तुम्ही पाना लावलेल्या टर्मिनलवर ४१५ व्होल्ट येतात. तेव्हा एमसीबी पाडायचा, त्याला लॉक लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, जुना किटकॅट (हाताने ओढून काढायच्या चिनी मातीच्या) फ्यूजचा बोर्ड असेल तर तिन्ही फ्यूज काढून सोबत घेऊन जायचे, आणि बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहायचं की माणूस कामावर आहे. किचनमधला कोणीतरी "पाणी का येत नाही" म्हणून खटका वर करतो, त्यात त्याचा दोष नसतो, त्याला माहीतच नसतं.

आता टेस्टर. पायाखाली कोरडी लाकडी फळी असेल, जाड रबरी बूट असतील किंवा वर लख्ख ऊन असेल तर टेस्टर पेटलेला नीट दिसत नाही, आणि आतला बल्ब गेलेला असेल तर ४१५ व्होल्टवरही तो गप्पच राहणार. मीटर वापरा. आधी जिथे सप्लाय नक्की आहे तिथे लावून मीटर चालतोय ते बघा, मग मोटरच्या बॉक्समध्ये फेज ते फेज तिन्ही जोड्या, प्रत्येक फेज ते अर्थ, आणि सोबतच्या बारीक वायरीसुद्धा तपासा, आणि परत त्या चालू पॉइंटवर लावून बघा की मीटर मध्येच मेला नाही ना. मीटर नसेल तर वायरमन लोक वापरतात तसा दोन बल्बांचा सिरीज लॅम्प, एकाच वॅटचे दोन, कारण फेज ते फेज मोजताना एकटा २३० चा बल्ब हातात फुटतो. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर बंद केल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, ड्राइव्हच्या लेबलवर किती मिनिटं थांबायचं ते लिहिलेलं असतं तेवढं थांबा. न्यूट्रलची वायर काळी आहे म्हणून तिला बिनधास्त धरू नका, तिच्यावर दुसरं काही चालू असेल तर जोड सुटल्यावर तिचं मोकळं टोक फेजसारखंच लाइव्ह होतं.

पाइपचं तुम्ही एका ओळीत विचारलंय पण खरं काम तिथेच आहे, खास करून समुद्राजवळ. मांद्रे, मोरजी या पट्ट्यात खारं वारं लोखंडी पाइपला आणि जीआय फ्लेक्सिबलला (जस्ताचा मुलामा दिलेली लवचिक नळी) आतून खातं, वरून रंग दिसतो आणि चेकनटला (पाइप बॉक्सला आवळून धरणारा नट) पाना लावला की पापुद्रे हातात येतात. पण सोडवायच्या आधी एक गोष्ट बघा, हा पाइप अर्थिंगचं काम करतोय का. जुन्या बांधकामात पाइपच अर्थ म्हणून वापरलेला असतो, आणि तो मोटरपासून पुढे दुसऱ्या पंपाला किंवा खांबावरच्या दिव्याला गेलेला असेल तर तुम्ही मध्येच चेकनट काढलात की त्या दिव्याचा अर्थ गेला, कोणाला पत्ताही लागणार नाही. क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा) पाइपभोवती किंवा अर्थच्या वायरीभोवती लावा, करंट दाखवत असेल तर थांबा, कुठेतरी लीकेज आहे आणि जोड तोडल्यावर ते व्होल्टेज तुमच्या दोन हातांमध्ये येणार, एक हात पाइपवर आणि दुसरा बॉक्सवर. लीकेज शोधून बंद केल्याशिवाय पुढे जायचं नाही. नंतरही पाइप वेगळा करायच्या आधी दोन्ही बाजू एका जाड हिरव्या वायरीने जोडून घ्या, मगच चेकनटला हात लावा.

चेकनटवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. हातोडी मारू नका, पाइपच्या तोंडावर वायरीचं इन्सुलेशन आतल्या आत कापलं जातं आणि ते दिसत नाही. ग्राइंडरने किंवा हॅकसॉने कापायचाच असेल तर आधी वायरी मागे ओढून काढा, वायरी आत असताना कधीही नाही. नट फिरवताना दुसऱ्या पान्याने अडॅप्टर धरून ठेवा, नाहीतर अख्खा फ्लेक्सिबल फिरतो आणि आत वायरींना पीळ पडतो. वायरी आधी टर्मिनलवरून मोकळ्या करा मग पाइप, आणि टर्मिनलवरही फेज आधी, अर्थ सगळ्यात शेवटी. जोडताना उलटं, अर्थ सगळ्यात आधी. मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळे अर्थ असावेत हा नियम १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून आहे, तुमच्याकडे एकच असेल तर हीच वेळ आहे दुसरा काढून घ्यायची, आणि नवीन फ्लेक्सिबल टाकाल तेव्हा त्यालाच अर्थ समजू नका, सोबत वेगळी वायर न्या.

सोडवण्याआधी फोटो काढाच, पण नुसत्या फोटोवर विसंबू नका कारण बॉक्समधल्या जुन्या वायरी सगळ्या एकाच मळकट रंगाच्या दिसतात. ७.५ एचपी म्हणजे बहुतेक स्टार डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत सावकाश सुरू करून मग डेल्टावर नेणारा), म्हणजे सहा वायरी, प्रत्येकीला फेरूल (नंबर छापलेली छोटी नळी) किंवा नंबर लावा, यू वन, व्ही वन, डब्ल्यू वन आणि यू टू, व्ही टू, डब्ल्यू टू, जुन्या मोटरवर ए वन, बी वन असंही असतं. या सहात अदलाबदल झाली तर डेल्टावर जाताना ट्रिप होते किंवा नुकतीच रिवाइंड केलेली मोटर परत जळते. टर्मिनलवर पितळी पट्ट्या असतील तर त्या कुठून कुठे होत्या ते लिहून पिशवीत बांधून ठेवा, रिवाइंडिंगवाल्याकडे त्या हमखास हरवतात.

मोटर आठवडाभर बाहेर राहणार असेल तर वायरींची टोकं नुसती टेप मारून लोंबकळत ठेवू नका, आपल्या हवेत टेप दोन दिवसांत चिकट होऊन सुटते. प्रत्येक टोकाला वेगळा कनेक्टर, सगळं झाकण असलेल्या बॉक्समध्ये, पाइपचं तोंड खाली वळवून बंद, नाहीतर पावसाचं पाणी पाइपमधून सरळ पॅनलकडे जातं. आणि स्टार्टरच्या बाजूनेही त्या सहाही वायरी सोडून ठेवा, मग कोणी खटका वर केला तरी टोकावर काही येणार नाही.

परत बसवताना मेगर करा, म्हणजे मेगर मीटरने इन्सुलेशन तपासा, पण मोटर ड्राइव्हपासून सोडवूनच, नाहीतर ड्राइव्ह जातो. दुसरी मोटर लावत असाल तर प्लेटवरचा अँपिअर बघून ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) परत सेट करा, ७.५ एचपी म्हणजे ५.५ किलोवॅट, साधारण ११ अँपिअर, आणि स्टार डेल्टात रिले वाइंडिंगच्या वायरीत असेल तर त्याच्या ५८ टक्के म्हणजे ६.४ च्या आसपास. पंपाला कपलिंग लावायच्या आधी क्षणभर चालवून दिशा बघून घ्या. साधा स्टार्टर असेल आणि उलटी फिरली तर इनकमिंगचे कुठलेही दोन फेज बदला, मोटरच्या सहा वायरींना हात लावू नका.

आणि हे सगळं लायसनवाल्या वायरमनच्या हातूनच करून घ्या, तुम्ही बाजूला उभे राहून वरच्या गोष्टी एकेक विचारा. तो आला की लॉक लावून, मीटरने तपासून बॉक्सचं झाकण उघडू दे आणि आतला फोटो इथे टाका, किती वायरी आहेत आणि फ्लोटची कुठली ते बघून सांगतो.