सेसनाला छप्पर असतं, विसरू नकोस

क्रॉस-कंट्रीला, म्हणजे एका विमानतळावरून लांबच्या उड्डाणाला, निघताना नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) नुसता चाळू नकोस, नीट वाच. पुण्याच्या आकाशात लोहगावची लढाऊ विमानं, हडपसरचे ग्लायडर, कामशेतचे पॅराग्लायडर, तुळशीबागेसारखीच गर्दी. पण वाटेत कुठे स्कायडायव्हिंग चालू असेल तर गोष्टच वेगळी.

10,000 फुटांवरून उडी मारलेला माणूस तासाला 200 किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. पाऊण मिनिटात तो तुझ्या उंचीवर. आणि आपल्या छोट्या विमानाचा, सेसना 172 चा, पंख डोक्यावर, त्यामुळे वरचं तुला दिसतच नाही. ‘बघून टाळू’ हा विचार सोडून दे. पॅराशूटची छत्री उघडल्यावरही त्याला वर चढता येत नाही; बाजूला व्हायचं ते तूच.

मी एकदा रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला विसरलो. उडीची घोषणा झाली, मी ऐकलीच नाही. डाव्या खिडकीत अचानक लाल छत्री, खाली लोंबकळणारे बूट, तेही स्पष्ट! नंतर अर्धा तास घशाला कोरड.

आणखी एक: वारा जिकडून येतो त्या बाजूला उडी मारतात, म्हणून उतरायच्या मैदानावर छत्र्या नाहीत म्हणजे आकाश मोकळं, असं समजू नकोस. सरळ वळसा घाल. पेट्रोलचा हिशेब त्या वळशासकट कर.