प्रवाह म्हणजे पूर काय ओ?

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय, पोरगा मराठी मीडियमला आहे, भूगोलात 'लॅब्राडोर शीत प्रवाह' आला, तर शेजारचा कन्नड मीडियमचा दोस्त विचारूलालाय, थंड पाण्याचा पूर कसला रे? मग पुस्तकातला शब्द चुकलाय काय, 'ओढ' म्हटलेलं बरं नव्हे काय?

पुस्तक चुकलं नाही ताई, आणि तो दोस्त पण चुकला नाही. कन्नड पेपरात प्रवाह म्हणजे सरळ महापूर. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा पात्र सोडून वर आल्या तेव्हा बघावं तिकडं 'प्रवाह परिहार', म्हणजे पूरग्रस्तांची मदत, मराठी डोक्यानं वाचलं तर नदीचं वाहणंच बंद करणार की काय असं वाटायचं! शब्द एकच, संस्कृतातला, 'वह्' म्हणजे वाहणं आणि 'प्र' म्हणजे पुढं, आपण नुसत्या वाहण्यावर थांबलो, कन्नडनं तो काठ सोडून वाहण्यापर्यंत नेला. गंमत म्हणजे समुद्रातल्याला कन्नड भूगोलात पण 'सागर प्रवाह'च म्हणतात, दोस्ताला त्याचंच पुस्तक उघडून दाखवा की.

'ओढ' मला आवडला असता, पण नको. दूधगंगेत उतरल्यावर पाय खेचतंय ती ओढ, दोन हात बाजूला सरकलं की नसते पण. लॅब्राडोरचं तसं नाही, ग्रीनलंड आणि कॅनडाच्या मधनं उत्तरेचं गार पाणी बारा महिने दक्षिणेला चाललेलं असतंय, हिमनग घेऊन. १९१२ ला टायटॅनिक ज्याला धडकली तो पण ह्याच पाण्यातनं खाली आलेला. पुढं न्यूफाउंडलंडजवळ गल्फ स्ट्रीमचं उबदार पाणी भेटलं की धुकंच धुकं. वाट ठरलेली, म्हणून प्रवाह. 'करंट' म्हणायची तर सोयच नाही, आपल्याकडं करंट गेला म्हणजे फॅन बंद.

मला विचाराल तर खरा घोळ 'उष्ण' शब्दानं केलाय. नॉर्वेजियन प्रवाह उष्ण म्हणून छापतात आणि पोरांना वाटतंय बंबातलं पाणी, उतरून बघा म्हणावं, दात वाजतील! उष्ण म्हणजे आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जरा कमी गार, एवढंच. पण तेवढ्या उबेवर रशियाचं मुर्मान्स्क बंदर आर्क्टिक वृत्ताच्या आत असून हिवाळ्यात गोठत नाही, आणि कॅनडातल्या लॅब्राडोरचा किनारा त्याच्याहून कितीतरी दक्षिणेला असून बर्फानं बंद. 'कोमट' छापलं असतं तरी जरा जास्तच झालं असतं.