ॲलिस स्प्रिंग्सला निघालेल्या ताईंना

ताई, मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्सला डायलिसिस नर्स म्हणून यावं का, मुलाच्या शाळेचं काय, एकटं वाटतं का आणि 'तिथले आदिवासी अजून वाळवंटात भटकतात का', असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, इंग्रजीची परीक्षा, नोंदणी हे सगळं सरकारी वेबसाइटवर आहे, ते पुन्हा लिहीत नाही. एकटेपणा येतो आणि कामाला लागलं की जातो. शेवटचा प्रश्न मात्र दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

पश्चिमेकडच्या वाळवंटातले पिंटुपी लोक वाट फुटेल तिकडे कधीच जात नव्हते. पाऊस झाला की कुटुंबं पांगायची आणि लवकर आटणारं लांबचं पाणी आधी वापरायची. खात्रीचे पाणवठे दुष्काळासाठी राखलेले असायचे. कोरड्या ओढ्याची वाळू उकरून पाणी काढायचं आणि निघताना खड्डा फांद्यांनी झाकायचा. बी दळायचे जड दगड तिथेच ठेवायचे, पुढच्या खेपेला लागतात म्हणून. पाणवठ्यांचा क्रम गाण्यांत बांधलेला. मी माणदेशातली, मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे धनगर पाहत वाढले. इथे तर हाकायला मेंढरंही नव्हती.

हे फार जुनं नाही. १९८४ पर्यंत लेक मॅकेजवळ नऊ जणांचं एक कुटुंब असंच राहत होतं. बाकीचे बहुतेक साठच्या दशकापर्यंत सरकारी वसाहतींत आले; दुष्काळ होता, रॉकेट चाचण्या होत्या, माणसं उचलून नेणाऱ्या सरकारी गाड्या होत्या. १९८१ मध्ये पुष्कळ जण आपल्या जमिनीवर, किंटोरला परतले. किंटोर ॲलिसपासून सुमारे पाचशे किलोमीटर. तिथे डायलिसिस नव्हतं, म्हणून किडनी गेली की पुन्हा घर सोडायची वेळ. २००० साली त्यांच्या चित्रकारांनी सिडनीत चित्रांचा लिलाव करून दहा लाख डॉलरहून जास्त उभे केले आणि काही वर्षांत डायलिसिसचं मशीन गावात नेलं. तरीही सगळ्यांना तिथे जागा मिळत नाही. तुमचे पेशंट म्हणजे हे लोक असतील.

माझ्याकडे येणारी एक आजी मशीनवर असताना चादरीवर बोटाने गोलात गोल काढते, मग रेघ, मग पुन्हा गोल. एकेक गोल म्हणजे एकेक पाणवठा, प्रत्येकाचं नाव घेते. आणि मी तिला सांगते, आजी, आज एवढंच पाणी प्यायचं.

तिच्या फाइलीत जन्मतारीख १ जुलै. अशा १ जुलै इथे ढीगभर दिसतील, कुणीतरी कारकुनाने भरलेल्या. माझ्या बाबांची १ जून, शाळेत मास्तरांनी घातलेली. पेन्शनच्या कागदावर एक तारीख, आधारवर दुसरी. व्हिजिटर व्हिसासाठी खुलासे देत राहिलो, पत्रांना पत्रं. शेवटी व्हिसा आला तोवर बाबांना प्रवास झेपेना. ते इथे आले नाहीत. याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

शाळेचं सांगते. मुलीच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, घरीही इंग्रजीच बोला. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला लुरिचा आणि वार्लपिरी या इथल्या दोन्ही आदिवासी भाषा येत, आणि दोघं 'कच्च्या' गटात. याच प्रांताच्या, नॉर्दर्न टेरिटरीच्या, सरकारने २००८ साली शाळेचे रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवा असा आदेश काढला होता, त्याचं मला नवल वाटत नाही. माझी मुलगी आज मला इंग्रजीत उत्तर देते. शाळा वाईट नाहीत ताई, पण ही गोष्ट कुणी तुमच्यासाठी सांभाळणार नाही.

त्या आजीने मला विचारलं होतं, तुझी जमीन कुठली? मी माणगंगा सांगितली, वर्षातला बराच काळ कोरडी असते, आम्ही पात्रात झिरे खणायचो. ती खूश झाली. मग म्हणाली, आता तिथलं कोण बघतं? शेत खंडाने दिलंय, घराला कुलूप आहे. मला हे तिला सांगवेना. परत जायचं का, हा प्रश्न आमच्या घरात अजून तसाच आहे.

तरी तुम्ही या, काम मोलाचं आहे. गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्यासमोर घेऊ नका. नजरेला नजर दिली नाही तर उद्धटपणा समजू नका. मयतासाठी कुणी डायलिसिस चुकवलं तर रागावू नका, पुढची वेळ लावून द्या. मुलाची मराठी पुस्तकं सामानात घाला. आणि आई-वडिलांच्या सगळ्या कागदांवरची जन्मतारीख निघायच्या आधी एक करून घ्या.