वाचकांचे प्रश्न: सोलरची जास्तीची वीज विकून किती मिळतंय?

प्रश्न (वडगाव, बेळगाव): सर नमस्कार. आमच्या घरात महिन्याला 230-240 युनिट पडतात, छतावर सोलर घालायचा विचार चाललाय. एजन्सीवाले 3 किलोवॅटच घाला म्हणून सांगायलेत, उरलेली वीज विकून दर महिन्याला पैसे येतील म्हणे. 3 चं कोटेशन 1,95,000 दिलंय, 2 चं 1,40,000. आमच्या भावजींचं सोलर कोल्हापुरात आहे, ते म्हणतात उन्हाळ्यातले युनिट पावसाळ्यात वापरता येतात. आणि इथल्याच एका ओळखीच्यांना युनिटला साडेनऊ रुपये मिळतात म्हणे. आता आम्ही काय धरून चालायचं?

उत्तर: ताई, तुमच्या भावजींचं खरं आहे आणि त्या ओळखीच्यांचंही खरं असू शकतंय, पण दोन्हीतलं काहीच तुम्हाला लागू होत नाही, ही पहिली गोष्ट. आपल्याकडे मराठीत सोलरचे जेवढे व्हिडिओ बघायला मिळतात ते जवळजवळ सगळे महावितरणचे, आणि आपली वीज हेस्कॉमची (उत्तर कर्नाटकातली वीज कंपनी), दर आणि नियम ठरवणार कर्नाटकचा वीज नियामक आयोग. तिकडं महाराष्ट्रात जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होत जातात आणि मार्चअखेर जे उरतील त्यांचे पैसे मिळतात. इकडं हिशोब महिन्याचा महिन्याला. या महिन्यात तुम्ही ग्रिडला, म्हणजे हेस्कॉमच्या तारेत, 300 युनिट दिले आणि 200 घेतले, तर 100 युनिटचे पैसे आयोगाच्या दराने तुमच्या नावे लागले, विषय संपला. जुलैत ऊन नाही म्हणून वीज घ्यावी लागली की ती पूर्ण दराने, एप्रिलचे युनिट तिथं कामाला येत नाहीत.

साडेनऊचं म्हणाल तर 2013 साली आयोगाने सोलरला 9 रुपये 56 पैसे दर दिला होता, सबसिडी घेतलेल्यांना 7 रुपये 20 पैसे. तेव्हा पॅनल महाग होते. करार 25 वर्षांचा असतोय आणि करार झाला त्या वेळचा दर शेवटपर्यंत चालतो, म्हणून तेव्हाच्यांना अजून तो मिळतोय. पुढं पॅनल स्वस्त झाले तसा आयोग नवीन करारांचा दर उतरवत गेला, आणि आज केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी घेऊन घातलंत तर उरलेल्या युनिटला तीन रुपयांच्या आतच धरा. बेळगावात घरगुती विजेचा दर 2025-26 साली 5 रुपये 80 पैसे होता, वर वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा 36 पैसे सरचार्ज, म्हणजे विकत घेताना सहाच्या वर. हाच फरक कोटेशन देताना कुणी सांगत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण लोक कर्ज काढून घालतात हो.

एक मात्र नीट समजून घ्या, नेट मीटरिंगमध्ये महिन्याच्या आत दिलेले आणि घेतलेले युनिट एकमेकांत वजा होतात. दुपारी घरात कुणी नाही, वीज बाहेर गेली, रात्री तेवढीच परत घेतली, तर ते युनिट तुम्हाला पूर्ण सहा रुपयांचेच पडले. त्यामुळं दिवसाच मिक्सर लावा, दिवसाच मशीन लावा अशी धावपळ करायचं कारण नाही. कमी दर फक्त महिनाअखेर जे निव्वळ उरतंय त्याला.

आता तुमचा हिशोब. 1 किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतंय, उन्हाळ्यात थोडं जास्त, आपल्या पावसाळ्यात बरंच कमी. म्हणजे 2 किलोवॅटचे महिन्याला 240, तुमचा खपही तेवढाच. सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला फक्त 18,000, एकूण 78,000 च्या वर नाही मग तुम्ही 5 किलोवॅट घाला की 10. तर 2 किलोवॅट तुम्हाला 80,000 ला पडतंय आणि बिलात वाचणारे पैसे धरले तर पाच-सहा वर्षांत फिटतंय. तिसऱ्या किलोवॅटचे वरचे 55,000, त्यातनं सबसिडी गेली की 37,000, आणि त्याची वीज पावसाळा सोडला तर बहुतेक महिने तीनच्या आतल्या दराने विकली जाणार, म्हणजे तेवढे फिटायला आठ-दहा वर्षं. माझं मत विचाराल तर 2 च घाला. येत्या वर्षभरात एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार हे नक्की असेल तर मात्र 3 घ्या, कारण मग ती वीज घरातच जिरतेय.

आणि बिल शून्य होईल असं कुणी म्हणालं तर त्यांना फिक्स्ड चार्जचं विचारा. 2025-26 साली तो मंजूर लोडच्या दर किलोवॅटला 145 रुपये महिन्याला होता, आणि सोलर असलं तरी भरावाच लागतोय.

प्रश्न (येळ्ळूर): आमचं गृहज्योतीतनं (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) बिल शून्य येतंय, 2022-23 ची सरासरी 110 युनिट होती. मुलगा म्हणतो सबसिडी आहे तोवर सोलर घालून टाकू. घालू का?

उत्तर: काका, गृहज्योतीत तुमची मोफत मर्यादा 110 वर दहा टक्के, म्हणजे 121 युनिट. तेवढ्यात भागत असेल तर वाचवायला बिलच नाही, मग पॅनलचे पैसे कुठनं वसूल होणार? 121 च्या वर गेलात तर वरच्या युनिटचेच पैसे, पण एखाद्या महिन्यात 200 ओलांडले की त्या महिन्याचं सगळं बिल अंगावर. घरात नातवंडं आली, फ्रिज-गीझर वाढले आणि दर उन्हाळ्यात 200 च्या वर जायला लागलात की मुलाचं म्हणणं परत काढा. आज घाई करू नका, आणि हप्त्यावर तर अजिबात नको.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): घर एकत्र कुटुंबाचं, मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. बिल कानडीत, ते नीट कळत नाही. सोलर घातल्यावर आपली किती वीज गेली हे कसं बघायचं?

उत्तर: आधी मीटर हयात माणसाच्या नावावर करून घ्या, नंतरच पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर अर्ज. सबसिडी अर्जदाराच्या बँक खात्यात येते, तिथं नाव जुळलं नाही की फाईल अडकून बसते आणि तोवर एजन्सीला पैसे देऊन झालेले असतात. 10 किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट केंद्राने 2024 मध्येच काढली, त्यामुळं त्या नावाखाली कुणी थांबवत असेल तर तो नियम दाखवा.

बिलासाठी मीटरच वाचायला शिका. सोलरला बसवतात त्या बऱ्याच दुहेरी मीटरवर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या) आकडे फिरत असतात, 1.8.0 च्या पुढं दिसतंय ते तुम्ही घेतलेलं, 2.8.0 च्या पुढं दिलेलं. रीडिंग घ्यायला माणूस आला की त्याच दिवशी दोन्हीचा मोबाईलवर फोटो काढायचा, मागच्या महिन्याचे आकडे वजा करायचे आणि बिलाशी जुळवायचे. आकडे कुठल्याही भाषेच्या बिलात ओळखता येतात, आणि फरक निघाला तर तक्रारीला तोच फोटो जोडता येतो.

प्रश्न (खानापूर): पावसाळ्यात आमच्याकडं दिवस दिवस लाईट नसते. सोलर घातलं तर तेव्हा तरी लाईट राहील ना?

उत्तर: साध्या ग्रिडच्या सोलरवर नाही राहणार, भर दुपारी ऊन असलं तरी. लाईन बंद झाली की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा) स्वतःहून थांबतो, कारण नाहीतर तुमच्या छतावरची वीज तारेत उतरून खांबावर चढलेल्या लाईनमनला शॉक बसेल. तुम्हाला बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागेल, त्याचा खर्च बराच वाढतो आणि सबसिडी बॅटरीसाठी वेगळी मिळत नाही. घरात आधीचा इन्व्हर्टर-बॅटरी चांगली असेल तर दिवे-पंख्यापुरती तीच राहू द्या.