बाँडचे वर्ष चुकवू नका

प्रश्न : माझी मुलगी शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाली असून सध्या इंटर्नशिप करत आहे. बीड जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंग झाल्यापासून तिने नीट-पीजीचा (पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा) अभ्यास सोडला आहे. तिशीच्या आतल्या ऊसतोड बायकांची गर्भपिशवी का काढली जाते, याच्या नोंदी ती वहीत करत बसते आणि आता पब्लिक हेल्थ करायचे म्हणते. हे लोक मुळात अडाणी. त्यात अभ्यास करण्यासारखे काय आहे? ती भावनेच्या भरात आहे. तिच्यासाठी आम्ही दोन वर्षे लातूरला बिऱ्हाड केले होते. तिचे मामा रेडिऑलॉजिस्ट आहेत, तेही समजावून थकले. आईने तर तिच्याशी बोलणे सोडले आहे. आपण तिला समजवावे. बाँडचे वर्ष, म्हणजे एमबीबीएसनंतरची सक्तीची सरकारी सेवा, कसे टाळता येईल, तेही कळवावे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचून मला काळजी वाटली ती नीट-पीजीची नव्हे. मुलीच्या आईने तिच्याशी बोलणे सोडले आहे, हे आपण ओघात लिहून गेला आहात. रात्रपाळ्या करणाऱ्या आणि तिथे जे पाहिले ते मनातून न जाणाऱ्या मुलीला ज्या वेळी घरच्या आवाजाची सर्वाधिक गरज आहे, नेमक्या त्याच वेळी तो बंद व्हावा, ही गोष्ट एखादी सीट हुकण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. हा अबोला आधी संपवा. करिअरचे बोलणे नंतर होईल. लातूरच्या बिऱ्हाडात आपण दोघांनी खस्ता खाल्ल्या असणार, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्या खस्ता मुलीच्या नावावर कर्ज म्हणून मांडू नका. मांडायचेच असेल, तर शासकीय महाविद्यालयातील जागेचा मोठा खर्च सार्वजनिक पैशातून होतो आणि त्या पैशात, काडेपेटीपासून कपड्यापर्यंतच्या खरेदीवर कर भरणाऱ्या ऊसतोड बाईचाही वाटा असतो, हेही त्याच पानावर लिहावे लागेल.

मुलगी भावनेच्या भरात आहे, असे आपण म्हणता. भावनेच्या भरात माणूस रडतो, भांडतो, राजीनामे देतो. तो नोंदी करत बसत नाही. आपली मुलगी जे करते आहे, ती संशोधनाची पहिली पायरी आहे. फक्त त्या वहीत रुग्णांची नावे किंवा गावे असतील, तर ती तिने आजच खोडावीत आणि पुढे काही लिहिण्याआधी महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीची रीतसर परवानगी घ्यावी. रुग्णाची माहिती ही रुग्णाची असते, हे या विषयात सगळ्यात आधी शिकायचे असते.

आता आपल्या ‘अडाणी’ या शब्दाबद्दल. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन जोडपी कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि ती उचल हंगामभर ऊस तोडून फेडतात. एक दिवस काम चुकले की खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड बसतो. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, न्हाणीघर नसते, संडास नसतो, पाणी लांबून आणावे लागते. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरावी लागते. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे हे अशा परिस्थितीत वाढणारच. त्यातले बरेचसे आजार वेळेवर औषध मिळाले तर शस्त्रक्रियेविना बरे होतात. पण फड सोडून सरकारी दवाखान्यात चार खेपा घालायच्या तर चार खाडे पडतात. अशा वेळी कोणी डॉक्टर ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ म्हणाला, तर ती बाई काय निवडेल? अनेकदा ती स्वतःच शस्त्रक्रिया मागते. तिचा हिशेब चुकीचा नाही. ज्या अटींवर तिला तो करावा लागतो, त्या अटी अन्यायाच्या आहेत. आणि शस्त्रक्रियेचा खर्च भागवायला पुन्हा उचल घ्यावी लागते, तो फेरा वेगळाच. आरोग्यातील विषमतेचा बराचसा उगम असा दवाखान्याबाहेर, कामाच्या करारात आणि राहण्याच्या जागेत असतो. ‘यांचे प्रबोधन करा’ एवढेच म्हणून थांबणारा माणूस दोष मुकादमावरून, कारखान्यावरून, शासनावरून काढून त्या बाईच्या माथी मारतो.

२०१९ मध्ये हा प्रश्न गाजल्यावर राज्य शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे सुमारे १७ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटासाठी देशाचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन्हींचे वयोगट तेच आहेत का, हे विचारल्याशिवाय ही तुलना पुढे नेऊ नये. असे विचारायला शिकणे म्हणजेच एपिडेमिऑलॉजी, म्हणजे समाजात आजार कोणाला, किती आणि का होतात याचा अभ्यास. पुढे जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. तो आवश्यक होता असे माझे मत आहे, पण त्याने फक्त डॉक्टरच्या हातातली सुरी अडवली, खाडा तसाच राहिला. जिला खरोखर शस्त्रक्रियेची गरज आहे तिला या परवानगीपायी ताटकळावे लागले तर? संमतीपत्रावर अंगठा आहे, पण पर्यायच नसताना दिलेली संमती कितपत खरी मानायची? एखाद्या धोरणाचा भार कोणावर पडतो आणि लाभ कोणाला मिळतो? यांत अभ्यास करण्यासारखे काय आहे, असे आपण विचारले होते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत नेमके असेच प्रश्न धरून काम केले. गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली तर किती बालमृत्यू टळतात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले आणि पुढे ती पद्धत देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली.

मार्ग थोडक्यात सांगतो. नीट-पीजीतूनच कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करता येते. किंवा मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र, पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ येथे एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थमधील पदव्युत्तर पदवी, करता येते. मुलीलाही एक गोष्ट स्पष्ट सांगतो, तिला आवडणार नाही तरी. कळवळा हा या क्षेत्रात प्रवेशासाठी पुरेसा आहे, टिकण्यासाठी नाही. संख्याशास्त्राचा कंटाळा असेल, किंवा अहवाल वर्षानुवर्षे फायलीत पडून राहण्याची सवय करून घेता येणार नसेल, तर क्लिनिकल शाखेत जाऊन चांगली डॉक्टर व्हावे. त्यातही मोठे काम आहे. सुरुवातीची मिळकत रेडिऑलॉजीच्या तुलनेत फारच कमी राहील. कर्ज काढून लगेच परदेशी एमपीएचला जाण्याच्या मी विरोधात आहे.

बाँडचे वर्ष कसे टाळावे, याचे उत्तर मी देणार नाही. उलट नियुक्तीच्या वेळी तिने ज्या भागातून तोडीला माणसे जातात, तिथले प्राथमिक आरोग्य केंद्र मागून घ्यावे. हंगामाआधी आणि हंगामानंतर त्याच बायकांना तपासताना हा प्रश्न आपल्याला आयुष्यभर पुरेल का, हे तिचे तिलाच कळेल, आणि कुणीही समजावण्यापेक्षा ते नीट कळेल. नीट-पीजीचा निर्णय त्यानंतर घेतला तरी काही बिघडत नाही. तोवर मामांना मध्ये घालू नका. ती सुटीवर येईल तेव्हा आपण दोघांनी ती वही तिच्याकडून वाचून घ्यावी आणि पूर्ण ऐकून होईपर्यंत मत देऊ नये.